‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांमागे: स्थानिक संस्थेच्या सदस्याविरुद्ध हितसंबंधाची तक्रार आली तर

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कोणत्याही सभेचे इतिवृत्त उघडले की बहुतेक ठरावांच्या शेवटी तेच दोन शब्द भेटतात: ‘सर्वानुमते मंजूर’. त्यांच्या वर सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात आणि खाली अध्यक्षांची सही असते. आता समजा, ठराव रस्त्याच्या डांबरीकरणाचा आहे, आणि ज्या भागीदारी संस्थेची निविदा मंजूर झाली तिच्यात एका सदस्याची पत्नी भागीदार आहे. विषय पुकारला गेला तेव्हा तो सदस्य सभागृहात होता का? त्याने हे नाते सांगितले होते का? तो चर्चेत बोलला का? त्याने मत दिले का? ‘सर्वानुमते’ हा शब्द यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि काही महिन्यांनी एखादा नागरिक तक्रार अर्ज घेऊन येतो तेव्हा सगळे घोडे नेमके याच चार प्रश्नांपाशी अडते.

अशा तक्रारी हाताळणारी माणसे सहसा कायद्याची पंडित नसतात. संस्थेचा सचिव, चौकशीसाठी नेमलेला अधिकारी किंवा दोन-तीन सदस्यांची समिती यांच्या टेबलावर हे कागद येऊन पडतात. समोर रोज भेटणारा सदस्य असतो, मागे राजकारण असते आणि तक्रारदाराला उत्तर आजच हवे असते. म्हणून या विषयाची मांडणी सरळ भाषेत आणि कामाच्या क्रमाने केलेली बरी.

हितसंबंध असणे आणि गैरवर्तन करणे

पहिली गोष्ट पक्की करून घ्यावी लागते ती ही की, हितसंबंध असणे हा स्वतःहून कलंक नाही. स्थानिक संस्थेवर निवडून येणारी माणसे त्याच परिसरातली असतात. त्यांची जमीन तिथे असते, व्यवसाय तिथे असतो, भाऊबंद आणि सोयरे तिथेच असतात. त्या मुळांमुळेच लोक त्यांना निवडून देतात. त्यामुळे पाच वर्षांच्या मुदतीत एकही विषय आपल्या घरापर्यंत पोहोचणार नाही, असा सदस्य सापडणे कठीण. संघर्ष होतो तो हा की, संस्थेचे भले आणि सदस्याचे स्वतःचे किंवा घरच्यांचे भले एकाच निर्णयात समोरासमोर येतात, आणि निर्णय घेणाऱ्या हातांमध्ये त्या सदस्याचाही हात असतो.

याबाबत कायद्याची दृष्टी फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1852 साली डाइम्स विरुद्ध ग्रँड जंक्शन कालवा कंपनी या खटल्यात असे उघड झाले की, कंपनीच्या बाजूने दिलेला हुकूम कायम करणारे खुद्द लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, कॉटनहॅम यांच्याकडे त्या कंपनीचे भाग (शेअर) होते. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा निर्णय रद्द केला, पण तसे करताना स्पष्ट शब्दांत सांगितले की, या भागांचा त्यांच्या मनावर यत्किंचितही परिणाम झाला असेल असे कोणी समजू शकत नाही. म्हणजे माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाही शंका नव्हती, तरीही निर्णय टिकला नाही. हितसंबंधाची तक्रार हाताळणाऱ्याने हा खटला मनात ठेवावा असे मला फार वाटते, कारण अशा चौकशा बिघडतात त्या बहुधा इथेच. तक्रारदार ‘भ्रष्टाचार’ हा शब्द वापरतो, सदस्य ‘माझी बदनामी’ असे म्हणतो, आणि मूळ प्रश्न, म्हणजे त्या विषयाच्या वेळी हा सदस्य तिथे बसायला हवा होता का, हा बाजूलाच राहतो.

नियमांचेही दोन प्रकार असतात आणि तक्रार कोणत्या प्रकारात मोडते हे सुरुवातीलाच ओळखावे लागते. पहिल्या प्रकारात हितसंबंध असण्यालाच बंदी असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये असे नियम आहेत: पंचायतीच्या हुकमाने केलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर तो सदस्य राहण्यासच अपात्र ठरतो. तिथे ‘मी आधी सांगितले होते’ या उत्तराचा उपयोग नसतो. दुसऱ्या प्रकारात हितसंबंध चालतो, पण तो नोंदवहीत लिहावा लागतो, विषय निघाला की सांगावा लागतो आणि निर्णयातून बाजूला व्हावे लागते. इंग्लंडच्या 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानुसार सदस्याने निवडून आल्यापासून 28 दिवसांत आपले आणि आपल्या जोडीदाराचे विशिष्ट आर्थिक हितसंबंध कळवायचे असतात, आणि सबळ कारणाशिवाय ते न कळवणे हा फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या प्रकारात चौकशी ‘हितसंबंध होता का’ या एका प्रश्नावर संपते. दुसऱ्या प्रकारात ती त्या प्रश्नापासून सुरू होते.

अर्ज हातात आल्यावर

तक्रार आली की तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख पडली पाहिजे आणि तक्रारदाराला पोच मिळाली पाहिजे. ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु पुढे मुदतींचा हिशेब याच शिक्क्यावरून होतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात नगरसंस्थेच्या सदस्याविरुद्ध हितसंबंधाचा अर्ज, ती गोष्ट कळल्यापासून सहा आठवड्यांत सचोटी आयुक्तांकडे, म्हणजे सदस्यांच्या वर्तनाच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करावा लागतो आणि आयुक्तांनी चौकशी 180 दिवसांत संपवायची असते. मुदत कोणतीही असो, ती दोन्ही बाजूंना आधी माहीत असली पाहिजे. निवडणुकीच्या तोंडावर जुने प्रकरण उकरून काढणे आणि खरे प्रकरण मुदत संपेपर्यंत फायलीत दाबून ठेवणे, या दोन्ही गोष्टी मुदत नसल्यामुळे सोप्या होतात.

त्यानंतर छाननी. छाननी म्हणजे निकाल नव्हे. अर्जात जे लिहिले आहे ते क्षणभर खरे मानले, तर नियमभंग होतो का, एवढेच इथे पाहायचे असते. ‘हे सदस्य संस्थेला लुटत आहेत’ या वाक्याची चौकशी करता येत नाही. ‘अमुक तारखेच्या सभेत, अमुक क्रमांकाच्या विषयावर, ज्या संस्थेत त्यांची पत्नी भागीदार आहे त्या संस्थेच्या बाजूने त्यांनी मत दिले’ या वाक्याची करता येते. पहिल्या वाक्यासारखा अर्ज आला म्हणून तो केराच्या टोपलीत टाकणे योग्य नाही. तक्रारदाराला पत्र लिहून कोणती सभा, कोणता विषय, कोणता हितसंबंध आणि ही माहिती कशावरून मिळाली, एवढे विचारावे. सामान्य नागरिकाला नियमाची भाषा येत नाही, आणि ती त्याला यावी अशी अपेक्षाही नसावी. निनावी अर्जाबाबत माझे मत असे आहे की, त्यासोबत स्वतंत्रपणे पडताळता येईल असा कागद असेल, उदाहरणार्थ भागीदारीच्या नोंदणीचा उतारा, तर तो कागद पाहावा. नुसता आरोप असेल तर तो दप्तरी ठेवावा.

छाननी कोणी करावी, याविषयी इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. 2000 सालच्या कायद्याने तिथे सदस्यांच्या वर्तनाच्या तक्रारी पाहणारे एक केंद्रीय मानक मंडळ स्थापन झाले. गावपातळीवरच्या बारीकसारीक भांडणांचे अर्जही थेट त्याच्याकडे जाऊ लागले आणि त्यावर बरीच टीका झाली. 2008 पासून पहिली छाननी स्थानिक पातळीवर आली, आणि 2012 मध्ये ते मंडळच बंद झाले. आता प्रत्येक परिषदेची स्वतःची व्यवस्था आहे, मात्र तिच्यात एक अट घातलेली आहे: परिषदेने जिची चौकशी करायचे ठरवले त्या तक्रारीवर निर्णय देण्यापूर्वी, परिषदेबाहेरच्या एका स्वतंत्र व्यक्तीचे मत घेणे आणि ते विचारात घेणे बंधनकारक आहे. केंद्र दूर असले की त्याला स्थानिक संदर्भ कळत नाहीत आणि कामाचा ढीग साचतो; सगळे घरच्या घरी ठेवले की ओळखीपाळखी आड येतात. बाहेरच्या एका माणसाचे मत सक्तीचे करणे हा या दोहोंमधला मार्ग आहे, आणि लहान संस्थेलाही तो परवडतो.

चौकशी करणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध

सचिवाची अडचण उघड आहे. ज्याच्या रजा, बढती आणि गोपनीय अहवालावर सदस्यांचा प्रभाव पडू शकतो, त्यालाच सदस्याची चौकशी करायला सांगणे म्हणजे त्याला कात्रीत पकडणे होय. तशीच अडचण समितीची असते. तिच्यात तक्रारीतील सदस्याचे पक्षसहकारी असले तर निकाल मवाळ वाटतो, विरोधक असले तर सूडाचा वाटतो, आणि त्याच ठरावाला मत देणारे असले तर ते एका अर्थाने स्वतःच्याच निर्णयाची चौकशी करत असतात. म्हणून जिथे कायद्याने बाहेरचा अधिकारी ठरवून दिला आहे तिथे स्थानिक पातळीवर समांतर ‘मिटवामिटवी’ करू नये. महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा प्रश्न कलम 16 नुसार जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवायचा असतो. अशा वेळी संस्थेचे काम कागद जपणे आणि ते पुरवणे एवढेच उरते. जिथे असा अधिकारी नाही, तिथे शेजारच्या संस्थेचा अधिकारी किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी यांना विनंती करावी, आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाकडून, माझा या सदस्याशी, तक्रारदाराशी किंवा या विषयाशी संबंध नाही, असे लेखी घ्यावे. दुसऱ्याला हितसंबंध विचारणाऱ्याने स्वतःचा आधी सांगितला की पुढचे निम्मे आक्षेप गळून पडतात.

चौकशी चालू असताना बोलावे किती, हाही याच मुद्द्याचा भाग आहे. लंडनमधील वेस्टमिन्स्टर परिषदेत, आपल्याला मते मिळावीत या हिशेबाने परिषदेची घरे विकण्याच्या धोरणाची तपासणी करणारे लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी 1994 मध्ये आपले प्राथमिक निष्कर्ष पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले. प्रकरण 2001 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले तेव्हा न्यायमूर्तींनी लेखापरीक्षकांचे निष्कर्ष कायम ठेवले, पण त्या पत्रकार परिषदेबद्दल त्यांना ठपका दिला. ती स्वतःची प्रसिद्धी करण्याची कृती होती आणि ती त्यांनी करायला नको होती, असे निकालात म्हटले गेले. इतके भक्कम प्रकरणही त्या एका दिवसामुळे पक्षपाताच्या आक्षेपात अडकले होते. याच निकालाने पक्षपात मोजण्याची जी कसोटी पक्की केली ती आज अनेक देशांत वापरली जाते: सर्व वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या, समतोल बुद्धीच्या त्रयस्थ माणसाला इथे पक्षपाताची खरी शक्यता दिसेल का? ही कसोटी चौकशी अधिकाऱ्याने सदस्याला लावावी आणि स्वतःलाही.

नेमके काय तपासायचे

आता चौकशीच्या गाभ्याकडे येऊ. सदस्याचा त्या विषयात हितसंबंध होता का, हा पहिला प्रश्न, आणि इथे सर्वांत जास्त घोळ नात्यावरून होतो. नाते दिसले की हितसंबंध सिद्ध झाला, असे लोक धरून चालतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये, नगरपालिकेच्या नोकरीत असलेल्या मुलाच्या वडिलांच्या प्रकरणात सांगितले की, नुसते नाते पुरेसे नाही. त्या नोकरीत किंवा करारात त्या व्यक्तीचा स्वतःचा आर्थिक किंवा भौतिक स्वरूपाचा हितसंबंध दिसला पाहिजे. उलट 2012 मध्ये त्याच न्यायालयापुढे गोव्यातील एका पंचायत सदस्येचे प्रकरण आले. तिच्या पतीला पंचायतीच्या कामाचे कंत्राट मिळाले होते. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार पती-पत्नीच्या मालमत्तेत समाईक मालकी असते, म्हणजे पतीच्या कमाईत पत्नीचा हिस्सा कायद्यानेच येतो. म्हणून तिचा हितसंबंध मानला गेला आणि तिची अपात्रता कायम राहिली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की प्रश्नाचे खरे रूप दिसते: नाते काय आहे यावर न थांबता, पैसा किंवा फायदा कोणत्या वाटेने सदस्यापर्यंत येतो ते पाहायचे. एकत्र कुटुंब, समाईक खाते, जामीन राहिलेले कर्ज, समाईक मालकीची जमीन, अशा त्या वाटा असतात. काही कायदे जोडीदाराचा हितसंबंध सदस्याचाच मानून ही वाट शोधण्याचे कष्ट वाचवतात, तेव्हा आपल्याकडचा नियम नेमका काय म्हणतो हे त्याच्याच शब्दांत वाचावे.

सगळ्यांना सारखा लागू होणारा फायदा या व्याख्येत येत नाही. पाणीपट्टी कमी झाली तर सदस्याचीही कमी होते. तेवढ्यासाठी तो बाजूला झाला तर सभाच भरणार नाही. ओंटारियोच्या कायद्यात सर्वसाधारण मतदारांबरोबर असलेला समाईक हितसंबंध वगळलेला आहे, आणि ज्याचा निर्णयावर परिणाम होईल असे वाजवीपणे म्हणता येणार नाही इतका दूरचा किंवा क्षुल्लक हितसंबंधही वगळलेला आहे. खरी कसरत होते ती मधल्या ठिकाणी. नवा रस्ता संपूर्ण वस्तीला उपयोगी आहे, पण त्याची आखणी बदलल्यामुळे सदस्याच्या एकाच भूखंडाला रस्त्यालगतचे तोंड मिळाले, तर ‘सगळ्यांचाच फायदा’ हे उत्तर अपुरे ठरते. अशा वेळी आखणी कोणत्या सभेत बदलली, बदल कोणी सुचवला आणि आधीच्या नकाशात ती रेघ कुठे होती, हे तिन्ही कागद समोर ठेवून पाहावे.

यानंतर माहितीचा प्रश्न येतो. सदस्याला हितसंबंधाची जाणीव होती का? चुलतभावाने कोणत्या संस्थेत पैसे गुंतवले आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही. पण पत्नीच्या भागीदारीविषयी ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणणाऱ्याला, त्याने स्वतःच सही केलेले हितसंबंधांचे विवरणपत्र दाखवून विचारावे लागते.

मग सहभाग. याबाबत दोन निकाल प्रत्येक सदस्याला ठाऊक असायला हवेत. 1923 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात एका अपघाताच्या खटल्यात, न्यायदंडाधिकाऱ्यांचा कारकून त्यांच्यासोबत विचारविनिमयाच्या खोलीत गेला. तो ज्या वकिली संस्थेत होता तीच संस्था त्या अपघातातील दुसऱ्या पक्षाचे दिवाणी काम पाहत होती. खोलीत तो एक शब्दही बोलला नव्हता, तरीही शिक्षा रद्द झाली. दुसरा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा, 1969 सालचा, क्रैपक प्रकरणातला. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातील निवडीसाठी बसलेल्या मंडळावरचा एक अधिकारी स्वतःही उमेदवार होता. त्याच्या नावाचा विचार झाला तेव्हा तो बाजूला झाला, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार होताना मात्र तो हजर होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. ‘मी गप्प बसलो होतो’ आणि ‘माझ्या विषयापुरता मी उठून गेलो होतो’ ही चौकशीत हमखास ऐकू येणारी दोन उत्तरे आहेत, आणि या दोन निकालांमुळे दोन्ही कमकुवत ठरतात. कॅलिफोर्नियात तर 1974 च्या कायद्यावर आधारलेल्या नियमानुसार नगर परिषदेच्या सदस्याने हितसंबंध नुसता जाहीर करून भागत नाही. चर्चा आणि मतदान संपेपर्यंत त्याला सभागृहाबाहेर जावे लागते.

सभेआधीचा सहभाग मात्र इतिवृत्तात येत नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होते. सभेत सदस्य विधिपूर्वक बाहेर जातो, पण त्याआधी अभियंत्याला दोन फोन झालेले असतात, निविदेतील अनुभवाची अट एका विशिष्ट संस्थेला पुरी पडेल एवढी खाली आणली गेलेली असते, आणि छाननीची तारीख पुढे ढकलली गेलेली असते. म्हणून चौकशीत टिपणीचा मूळ मसुदा आणि अंतिम मसुदा दोन्ही मागवावेत, बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला हे कर्मचाऱ्याला विचारावे, आणि त्याने उत्तर दिल्याबद्दल त्याची बदली होणार नाही याची लेखी हमी आधीच द्यावी.

पुरावा मांडण्याची माझ्या अनुभवातली सर्वांत उपयोगी रीत अगदी साधी आहे. एका कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढावी. डावीकडे संस्थेच्या कामकाजाच्या तारखा लिहाव्यात, उजवीकडे सदस्याच्या हितसंबंधाच्या. डावीकडे अंदाजपत्रक, निविदा सूचना, छाननी, ठराव, कार्यादेश, पहिले देयक. उजवीकडे भागीदारी झाल्याची तारीख, विवरणपत्र भरल्याची तारीख, भागीदारीतून बाहेर पडल्याची तारीख, हिशेब चुकता झाल्याची तारीख. कितीतरी तक्रारी या एका कागदावर निकालात निघतात. पत्नी ठरावाच्या महिनाभर आधी भागीदारीतून बाहेर पडली असे सदस्य सांगतो आणि ते खरेही असते, पण उजवीकडची शेवटची तारीख सांगते की तिचा हिस्सा पहिले देयक निघाल्यानंतर चुकता झाला. किंवा याच्या उलट दिसते: भागीदारीच ठरावानंतर वर्षभराने झाली आहे आणि तक्रारीला पायाच नाही.

हा कागद भरायला इतिवृत्त नीट असावे लागते. ‘विषय क्रमांक 7 पुकारल्यावर संबंधित सदस्यांनी निविदाधारक संस्थेत आपली पत्नी भागीदार असल्याचे सांगितले व ते 11 वाजून 40 मिनिटांनी सभागृहाबाहेर गेले, चर्चा व मतदान झाल्यानंतर 12 वाजून 5 मिनिटांनी परत आले, उपस्थित उर्वरित 8 सदस्यांनी ठराव एकमताने मंजूर केला’ एवढी नोंद सचिवाला दोन मिनिटांत करता येते. ती असली तर चौकशीची गरजच बहुधा पडत नाही, आणि पडली तरी सदस्याच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा तीच ठरते.

सदस्याचे म्हणणे

तक्रारीची संपूर्ण प्रत, सोबतचे कागद, कोणत्या नियमाचा भंग झाल्याचे म्हटले आहे ते, आणि उत्तरासाठी पुरेसे दिवस, हे सगळे सदस्याला मिळालेच पाहिजे. आरोप सौम्य करून सांगणे किंवा कागद सुनावणीच्या दिवशी हातात देणे यांमुळे खरी तक्रारही पुढे अपिलात कोसळते. चौकशीत नवा मुद्दा निघाला तर त्यावर पुन्हा म्हणणे मागवावे. सदस्याने संस्थेच्या विधी सल्लागाराचे किंवा सचिवाचे मत आधी विचारले होते का आणि त्याला काय उत्तर मिळाले होते, हेही विचारावे. सर्व वस्तुस्थिती उघड करून घेतलेल्या लेखी सल्ल्याप्रमाणे जो वागला त्याची चूक आणि जाणूनबुजून लपवणाऱ्याची चूक एका तागडीत घालता येत नाही.

निर्णय, शिक्षा आणि त्या ठरावाचे काय

शिक्षेला पायऱ्या नसल्या तर काय होते, याचे उदाहरण ओंटारियोतील टोरोंटो शहराचे तेव्हाचे महापौर रॉब फोर्ड यांच्या प्रकरणात दिसले. नगरसेवक असताना त्यांनी परिषदेचे पत्रशीर्ष वापरून, शाळकरी मुलांच्या फुटबॉलसाठीच्या आपल्या प्रतिष्ठानाला देणग्या मागितल्या होत्या. सचोटी आयुक्तांच्या शिफारशीवरून परिषदेने त्यांना 3,150 डॉलर देणगीदारांना परत करायला सांगितले. फेब्रुवारी 2012 मध्ये हा आदेश मागे घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ते त्या चर्चेत बोलले आणि त्यांनी मतही दिले. तेव्हाच्या ओंटारियो कायद्यात भंग सिद्ध झाला की, अनवधान किंवा प्रामाणिक चूक यांसारखा बचाव मान्य झाल्याखेरीज, पद रिक्त करणे हाच मार्ग न्यायाधीशापुढे होता, आणि नोव्हेंबर 2012 मध्ये तसा हुकूम झाला. जानेवारी 2013 मध्ये अपिलात तो फिरला, तो या कारणाने की, पैसे परत करायला लावण्याचा अधिकार मुळात परिषदेला नव्हता. पुढे कायदा बदलला. 2019 पासून न्यायाधीशाला ताकीद देणे, 90 दिवसांपर्यंत मानधन थांबवणे, भरपाई करायला लावणे किंवा पद रिक्त करणे यांतून निवड करता येते. या प्रकरणातून चौकशी करणाऱ्याने दोन गोष्टी उचलाव्यात. शिफारस करण्याआधी ती शिक्षा देण्याचा अधिकार आपल्या संस्थेला आहे का, हे नियमात बोट ठेवून पाहावे. आणि शिक्षा ठरवताना हेतू, फायद्याचे प्रमाण, आधीचे वर्तन आणि चूक लक्षात आल्यावर सदस्याने काय केले, हे निर्णयात लिहावे. विवरणपत्र उशिरा भरणे आणि घरच्या संस्थेला काम मिळवून देणे यांना एकच ताकीद मिळाली तर लोकांचा नियमावरचा विश्वास उडतो.

ज्या ठरावात तो सदस्य सहभागी झाला त्याचे काय करायचे, हा प्रश्न सदस्याच्या शिक्षेपेक्षा वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणे ठरवावा. त्याचे मत वजा करूनही बहुमत उरते, असे सांगून हा प्रश्न झटकला जातो. पण वर सांगितलेल्या ससेक्स आणि क्रैपक या दोन्ही खटल्यांत मतांची बेरीज-वजाबाकी कोणी केली नव्हती, नुसत्या उपस्थितीनेच निर्णय डागाळला होता. काम सुरू झालेले नसेल तर विषय पुन्हा सभेपुढे ठेवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय असतो. काम निम्मे झाले असेल तर सार्वजनिक नुकसान किती होईल याचा विचार करून विधी सल्ला घ्यावा लागतो. कधी असेही होते की, इतक्या सदस्यांचा हितसंबंध निघतो की ते सारे बाहेर गेले तर गणपूर्तीच होत नाही. अशा वेळी कायद्यातील गरजेचे तत्त्व उपयोगी पडते: निर्णय घेणारे दुसरे कोणीच नसेल आणि निर्णय टाळता येत नसेल, तर हितसंबंध उघड नोंदवून त्याच सदस्यांनी निर्णय घ्यावा. मात्र हे शेवटचे दार आहे. विषय वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येत असेल तर ते उघडू नये.

निर्णय लेखी असावा, कारणांसह असावा आणि एकाच दिवशी दोघांनाही मिळावा. तक्रार फेटाळली गेली असेल तर तसे जाहीर करणेही तितकेच आवश्यक आहे, कारण आरोप गावभर फिरलेला असतो आणि निर्दोषत्वाचे पत्र मात्र सदस्याच्या कपाटात पडून राहते. ज्या सभेत तक्रारीचा उल्लेख झाला त्याच सभेच्या पुढच्या बैठकीत निर्णय वाचून दाखवावा. सद्भावनेने केलेली, पण सिद्ध न झालेली तक्रार म्हणून तक्रारदारावर कोणतीही कारवाई होऊ नये. त्याच्या घराच्या नोंदी, परवाने किंवा पाणीजोडणी यांची अचानक ‘तपासणी’ सुरू झाली, तर ती स्वतंत्र तक्रार समजून तिची दखल घ्यावी. फाइल सदस्याची मुदत संपली म्हणून नष्ट करू नये. तिच्यात इतिवृत्ताची साक्षांकित प्रत, हजेरीपत्रक, विवरणपत्र, तारखांचा तो दोन रकान्यांचा कागद आणि निर्णय एवढे असावे, कारण याच विषयावर लेखापरीक्षणाचा आक्षेप किंवा न्यायालयाची नोटीस पुढे कधीही येऊ शकते, आणि तोवर त्या खुर्चीवरचा सचिव बदललेला असतो.